तालीम कोणाची ?

या सदराकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांस चार ओळींचें उत्तर पुरतें. परंतु गेल्या महिन्यांत आलेलें एका वृद्ध वाचकभगिनींचें पत्र आम्हीं तीन वेळां वाचलें, आणि तिन्ही वेळां उत्तरासाठीं उचललेली लेखणी खालीं ठेविली. त्यांचा नातू सात वर्षांचा आहे. तो कोणाच्या डोळ्यांस डोळा देत नाहीं, हांक मारली तर वळून पाहत नाहीं, एकच वाक्य दिवसभर घोकतो, आणि घरांत चार पाहुणे आले कीं कान झांकून माजघराच्या कोपऱ्यांत जाऊन बसतो. डॉक्टरांनीं या अवस्थेस ‘ऑटिझम’, म्हणजे स्वमग्नता, असें नांव दिलें असून कोणी त्यांस नाट्योपचार करून पाहण्यास सुचविलें आहे. आजीबाई विचारतात : “ज्याला घरच्या चौघांत बसवत नाहीं त्याला नाटकांत कसें उभें करावयाचें ? आणि पुढील वर्षीं त्याची मुंज करावी कीं करूं नये ? घरांत दोन तट पडले आहेत.”

या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें ग्रंथांच्या आधारें देतां आलीं असतीं. पण हे दोन्ही प्रश्न आमच्याच घरीं गेल्या दोन वर्षांत उभे राहिले व कसेबसे सुटले. म्हणून घरचीच हकीकत सांगतों. नांवें सांगत नाहीं. मूल उद्यां मोठें होऊन हा अंक हातीं घेईल. तेव्हां आपल्याविषयीं परस्पर लिहिलें गेलें असें त्यास वाटूं नये.

आमचें मूळ घर मुळशी तालुक्यांत, पौडाच्या पुढें, भातखाचरांच्या कडेस आहे. वडील बंधू व वहिनी तेथेंच राहतात. पुतण्या व सूनबाई नोकरीसाठीं पुण्यास जाऊन येऊन असतात, आणि आमचे शनिवार-रविवार बहुधा तेथेंच जातात. बंधूंचा नातू आज नऊ वर्षांचा आहे. तीन वर्षांचा होईपर्यंत तो बोलला नाहीं. आप्तांपैकीं एका जाणत्या गृहस्थांनीं “बापही उशिराच बोलला होता” असें म्हणून आमची समजूत घातली, आणि आम्हीं ती आनंदानें घालून घेतली. पुढें तो बोलूं लागला तो निराळेंच. स्वारगेटहून ताम्हिणीकडे जाणाऱ्या एस. टी.चे थांबे तो क्रमानें म्हणे : चांदणी चौक, भूगांव, भुकूम, पिरंगुट, घोटावडे फाटा, पौड. सकाळीं दांत घांसतांना म्हणे, पानावर बसून म्हणे, रात्रीं दिवा मालवल्यावरही म्हणे. ‘आई’ ही हांक मात्र त्याच्या तोंडून आली नव्हती.

अशा वेळीं एकत्र कुटुंबांत जें घडतें तेंच आमच्याकडे घडलें. दोष कोणाचा याचा शोध सुरू झाला, आणि तो नेहमींप्रमाणें सुनेपाशीं येऊन थांबला. ती बाळंतपणानंतर फार लवकर कामावर रुजू झाली. तिनें मुलाच्या हातीं मोबाइल दिला. तिच्या माहेरीं असें कोणी होतें काय? उघडपणें कोणी बोललें नाहीं. पण माजघरांतलें मौन कसें बोलतें हें आमच्या भगिनींस सांगावयास नको. एके दिवशीं ती आम्हांस म्हणाली, “काका, डॉक्टरांनीं मुलाचें निदान केलें, या घरानें माझें केलें.” हें वाक्य आम्ही अद्याप विसरलों नाहीं.

हा दोषारोप कांहीं आमच्याच घरांत जन्मास आलेला नव्हे. अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं अकरा मुलांच्या हकीकती प्रसिद्ध करून या अवस्थेस वैद्यकांत स्वतंत्र स्थान दिलें. त्यानंतर कित्येक वर्षें तिकडील विद्वान् मंडळी, मातेच्या थंडपणामुळें मूल असें होतें, असें मोठ्या खात्रीनें सांगत असत, आणि कित्येक मातांनीं तो कलंक जन्मभर वाहिला. १९६४ सालीं बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञानें ग्रंथ लिहून या समजुतीचें खंडन केलें. तो स्वतःच अशा एका मुलाचा पिता होता. स्वमग्नता ही मेंदूच्या घडणींतील जन्मजात भिन्नता आहे, तींत आनुवंशिकतेचा वांटा मोठा आहे, आणि आईच्या मायेच्या कमीअधिकपणाशीं तिचा कांहीं एक संबंध नाहीं, हें आज सिद्ध आहे. ज्या घरांत हा विषय अद्याप निघत असेल त्या घरानें तो आजच बंद करावा. उपचार कोणताही असो, त्याची पहिली पायरी हीच.

नाट्योपचाराची गोष्ट प्रथम सूनबाईंनीं काढली. नाट्य व विशेष शिक्षण या दोहोंचा अभ्यास केलेल्या एक तरुण शिक्षिका दर शनिवारीं पुण्याहून येण्यास तयार होत्या. बंधूंस हें रुचलें नाहीं. “गणेशोत्सवांत नाटकें आम्हींही केलीं, मुलाच्या दुखण्याचें नाटक करणें आम्हांस ठाऊक नाहीं,” असें ते म्हणाले, आणि पहिले कांहीं शनिवार ते ओटीवरून उठून मळ्याकडे निघून जात. त्यांनीं राग धरण्यासारखें त्या बाईंनीं कांहींच केलें नाहीं, हीच गंमत. पहिले तीन शनिवार त्या पडवींत मुलाजवळ नुसत्या बसून होत्या आणि थांब्यांचीं नांवें ऐकत होत्या. चौथ्या शनिवारीं त्यांनीं पडवींत सहा खुर्च्या दोन रांगांत मांडल्या, आढ्याला दोरीनें पूजेची जुनी घंटा टांगली, आणि खुंटीवरची चामड्याची पिशवी मुलाच्या खांद्यास अडकविली. गाडी तयार झाली. मुलगा कंडक्टर झाला. एस. टी.चा नियम सर्वांस ठाऊकच आहे. एक टोला दिला कीं गाडी थांबावयाची, दोन दिले कीं चालावयाची.

प्रवासी आम्ही झालों. वहिनींनीं वयाच्या सत्तराव्या वर्षीं खुर्चींत बसून पदर सावरला आणि म्हटलें, “पौड एक द्या. पौड आधीं, मग पिरंगुट, होय ना ?” त्या मुद्दाम चुकल्या कीं खरोखरच चुकल्या हें त्यांनीं अजून आम्हांस सांगितलेलें नाहीं. मुलगा थबकला, जवळ आला आणि म्हणाला, “नाहीं. पिरंगुट. मग घोटावडे फाटा. मग पौड.” त्यानें त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलें कीं नाहीं, तें आम्ही सांगूं शकत नाहीं. पण ते शब्द हवेंत सोडलेले नव्हते. ते वहिनींसाठींच होते. वहिनींचा हात डोळ्यांकडे गेला, बाईंनीं खुणेनें त्यांस सावरलें, आणि त्या म्हणाल्या, “बरें तर. पौड एक.” त्या दिवशीं मिळालेला कागदाचा कपटा त्यांच्या पोथींत अजून आहे.

ज्यास आम्ही निरर्थक घोकणें समजत होतों तेंच बाईंनीं नाटकाचें कथानक केलें, यांत या उपचाराचें मर्म आहे. पुढच्या शनिवारीं त्याच गाडींत एक प्रवासी झोंपीं गेला. तो झोंपला आहे, म्हणजे त्याचा थांबा आल्याचें त्यास कळणार नाहीं, म्हणजे त्यास उठविलें पाहिजे. दुसऱ्याच्या मनांत काय आहे आणि काय नाहीं याचा हा एवढा विचार मुलानें करावा म्हणून आम्हीं वर्षभर उपदेश केला होता. झोंपलेल्या प्रवाशानें तो तीन शनिवारांत करविला. मग शेजारच्या शेतकरी घरांतली नऊ वर्षांची मुलगी शेळीचें करडूं घेऊन गाडींत चढली आणि करडाचें तिकीट काढावें कीं नाहीं यावर मोठा वाद झाला. ती मुलगी आमच्यापैकीं कोणाहीपेक्षां लवकर त्याच्या खेळांत मिसळली. कारण त्यास सुधारावयाचें आहे हें तिला कोणी सांगितलेलेंच नव्हतें.

खेळाचे नियम मात्र कडक होते. जागा तीच, वेळ तीच, आरंभ तोच, शेवट तोच. आरंभीं दोन टोले, शेवटीं एक टोला व “गाडी डेपोंत गेली” एवढें वाक्य. नवें जें काय आणावयाचें तें एका दिवशीं एकच. आणि सर्वांत मोठा नियम असा, कीं मुलानें एक टोला दिला तर त्या क्षणीं सर्वांनीं थांबावयाचें. वय, नातें, हांसूं, बोलणें यांपैकीं कशाचीही सबब चालावयाची नाहीं. ज्या मुलाचें ‘नको’ आजवर रडण्यावांचून कोणास कळलें नव्हतें, त्याच्या हातीं ‘नको’ म्हणण्याचें साधन आलें.

हें सर्व नवें आहे असें मात्र वाचकांनीं समजूं नये. दुःखानें व श्रमानें पीडलेल्यांस विसांवा देणें हें नाट्याचें एक प्रयोजन म्हणून भरतमुनींनीं सांगितलेलेंच आहे. अलीकडच्या काळांत जेकब मोरेनो या वैद्यानें १९२१ सालीं व्हिएन्ना येथें आधीं न लिहिलेल्या, जागच्या जागीं सुचणाऱ्या नाट्याचा प्रयोग केला, आणि पुढें अमेरिकेंत बीकन येथें १९३६ सालीं रुग्णालय काढून तेथें उपचारासाठीं रंगमंच उभारला. रोग्यानें दुसऱ्याची भूमिका घ्यावी व दुसऱ्यानें रोग्याची, ही त्याची आवडती युक्ति. इंग्लंडांत पीटर स्लेड यांनीं १९५४ च्या आपल्या ग्रंथांत, मुलांचें नाट्य हें मोठ्यांच्या नाटकाची लहान नक्कल नसून मुलांची स्वतःची कला आहे, असें प्रतिपादन केलें. आपल्याकडे सुधा करमरकर यांनीं १९५९ सालीं ‘मधुमंजिरी’ रंगभूमीवर आणून बालनाट्याचा पाया घातला. १९८६ मध्यें पुण्यांत बर्लिनच्या ग्रिप्स रंगभूमीची पद्धत आणणारे डॉ. मोहन आगाशे हे मनोविकारतज्ज्ञच आहेत. त्या पद्धतींत मोठीं माणसें मुलांच्या भूमिका करतात आणि मुलांच्या बाजूनें जग पाहतात. मुंबईंत कांचन सोनटक्के यांच्या ‘नाट्यशाला’ या संस्थेनें अंध, कर्णबधिर व बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांस नाट्याच्या द्वारें शिक्षण दिलें, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

खास स्वमग्न मुलांसाठींही प्रयत्न झाले आहेत. केली हंटर या इंग्लिश अभिनेत्रीनें शेक्सपिअरच्या नाटकांवरून खेळ रचले. त्यांत मुलें वर्तुळांत बसून छातीवर हात ठेवितात व हृदयाच्या ठोक्याच्या तालावर एकमेकांस अभिवादन करतात. रॉयल शेक्सपिअर कंपनी व ओहायो स्टेट विद्यापीठ यांच्या सहकार्यानें या पद्धतीचा ‘टेम्पेस्ट’ नाटकावरील प्रयोग २०१४ सालीं झाला. व्हँडरबिल्ट विद्यापीठांत ब्लाइद कॉर्बेट या विदुषींनीं ८ ते १४ वर्षांच्या ३० मुलांची पाहणी २०१६ सालीं प्रसिद्ध केली. चार चार तासांच्या दहा बैठकी, आणि प्रत्येक मुलाच्या जोडीस आधीं शिकवून तयार केलेला समवयस्क सोबती, अशी ती योजना होती. चेहरे लक्षांत ठेवणें व इतर मुलांबरोबर खेळणें यांत या मुलांची प्रगति दिसली. परंतु तीस म्हणजे तीनशें नव्हेत. हा उपचार आशादायक आहे, एवढेंच आज प्रामाणिकपणें म्हणतां येतें. तो रामबाण नाहीं, आणि स्वमग्नता ‘घालविणें’ हा तर त्याचा हेतूच नाहीं.

या पाहणींतील एक गोष्ट आमच्या मनांत घर करून राहिली. तेथें सोबत्यांसही शिकवावें लागलें ! डेमियन मिल्टन हे इंग्लंडांतील समाजशास्त्रज्ञ स्वतः स्वमग्न आहेत. २०१२ सालीं त्यांनीं असें मांडलें, कीं स्वमग्न माणसास इतरांचें मन कळत नाहीं हें अर्धेंच सत्य होय. इतरांसही त्याचें मन तितकेंच कळत नाहीं. दरी दोन्ही कांठांनीं असते. पण पूल बांधण्याचें काम मात्र आपण एकट्या मुलावर टाकतों. याचा अनुभव आम्हांस मुंजीच्या वेळीं आला.

नातवाचें आठवें वर्ष लागलें आणि आमच्याही घरांत दोन तट पडले. संस्कार चुकतां कामा नये, हें बंधूंचें म्हणणें. त्या गर्दींत माझ्या मुलाचे हाल होतील, हें सूनबाईंचें. दोघांचें म्हणणें खरें होतें. शिक्षिकाबाईंनीं कोणाचीच बाजू घेतली नाहीं. “त्याला आधीं सगळें दाखवूं, मग त्यालाच विचारूं,” असें त्या म्हणाल्या. मुहूर्ताच्या आधीं सहा आठवडे त्यांनीं एका लांब कागदावर मुंजीचा मार्ग काढला. मातृभोजन, क्षौर, स्नान, अंतरपाट, मंगलाष्टकें, मौंजी, होम, भिक्षावळ. प्रत्येक विधि हा एक थांबा. मग पडवींत मुंजीची तालीम सुरू झाली.

पहिल्या तालमींत बटु कोण झालें म्हणाल, तर आमचे वडील बंधू ! हीच मोरेनोची युक्ति. नातू उपाध्याय झाला, दोघांनीं पंचाचा अंतरपाट धरला, आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा बटु पाटावर उभा राहिला. बाईंनीं आम्हां सर्वांस सांगून ठेविलें होतें, त्याप्रमाणें आम्हीं मंगलाष्टकें चौफेर, कानाशीं, एकदम मोठ्यानें म्हटलीं. कोणी ताट वाजविलें, कोणी मूठभर तांदूळ डोक्यावर फेंकले. बंधूंनीं अर्ध्या मिनिटांत दोन्ही हात कानांवर ठेविले आणि ओरडले, “अरे, एवढें ओरडतां कशाला ?” क्षणभर पडवींत कोणी बोललें नाहीं. बंधूंनीं आपले हात खालीं घेतले, नातवाकडे पाहिलें, आणि पाटावरून उतरून ते आंत गेले. पुढच्या शनिवारीं ते मळ्याकडे गेले नाहींत.

त्यानंतर सगळी व्यवस्था त्यांनींच आखली. वाजंत्री नाहीं. निमंत्रितांची संख्या चाळीस. होम अंगणांत, म्हणजे धूर कोंडणार नाहीं. अक्षता हातांत धरावयाच्या, फेंकावयाच्या नाहींत. टाळ्या मुळींच नाहींत. नवें वस्त्र खरखरतें, म्हणून तें दहा वेळां धुऊन मऊ केलें. माजघराशेजारची खोली अंधारी करून ठेविली. तिचें नांव ‘डेपो’. आमचे उपाध्यायही दोन सायंकाळीं तालमीस आले, आणि घंटेचा नियम त्यांनीं विनातक्रार मान्य केला. “संस्कार बटूचा आहे, तो थांबला तर आम्ही कोणासाठीं पुढें जावयाचें?” असें ते म्हणाले.

आतां त्या दिवसाचें खरें खरें वर्णन करतों. कारण अशा लेखांत सर्व गोड शेवट लिहिण्याची चाल पडली आहे. क्षौराचा थांबा साधला नाहीं. वस्तऱ्याची तालीम सहाही आठवडे फसली होती, तशी त्या दिवशींही फसली. बापानें कात्रीनें चार बटा कापल्या आणि उपाध्यायांनीं तेवढ्यावर समाधान मानलें. मातृभोजनांत त्यानें केवळ भात खाल्ला. मंगलाष्टकें सुरू झालीं आणि दुसरें संपतां संपतां बटूनें कमरेची लहान घंटा एकदां वाजविली.

उपाध्याय थांबले. पण लांबून आलेल्या दोघां-तिघां आप्तांस हा नियम ठाऊक नव्हता. त्यांपैकीं एक वृद्ध गृहस्थ, “अहो, मुहूर्त जवळ येतो आहे, म्हणा, म्हणा” असें म्हणून पुढें सूर लावूं लागले. तेव्हां आमच्या बंधूंनीं, ज्यांनीं उभ्या जन्मांत वडीलधाऱ्या माणसास मध्येंच थांबविलें नव्हतें त्यांनीं, हात वर केला आणि शांतपणें म्हटलें, “घंटा झाली आहे.” सगळें अंगण स्तब्ध झालें. मुलगा पाटावरून उतरून डेपोंत गेला. अंतरपाट धरणाऱ्यांनीं तो तसाच धरून ठेविला. उपाध्यायांनीं मुहूर्ताच्या बऱ्याच आधीं आरंभ केला होता, हें त्यांचें शहाणपण. तरीही तीं सहा-सात मिनिटें किती लांब होतीं हें आम्हांसच ठाऊक. मग आंतून दोन टोले ऐकूं आले. तो आला, पाटावर उभा राहिला, आणि राहिलेलीं मंगलाष्टकें सर्वांनीं जवळजवळ कुजबुजत म्हटलीं. इतकीं हळूं म्हटलेलीं मंगलाष्टकें आम्हीं पूर्वीं कधीं ऐकलीं नव्हतीं; आणि इतक्या लक्षपूर्वकही कधीं ऐकलीं नव्हतीं.

भिक्षावळींत पहिली भिक्षा मातेपाशीं मागावयाची असते. भिक्षेचें तें तीन शब्दांचें वाक्य त्यानें सूनबाईंसमोर उभें राहून स्पष्ट म्हटलें, झोळी पुढें केली, आणि तांदूळ पडतांच कंडक्टरच्या आवाजांत म्हणाला, “चला, पुढें चला.” सगळे हांसले, तोही हांसला. सायंकाळीं उपाध्यायांनीं सूनबाईंस सांगितलें, कीं त्या वाक्यांतला पहिला शब्द म्हणजे समोरच्या स्त्रीस आदरानें मारलेली हांक होय. “हांक ती हांक,” एवढेंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीं मुलगा दिवसभर मच्छरदाणींत पडून होता व कोणाशीं बोलला नाहीं. तोही त्या मुंजीचाच एक थांबा होता, असें आम्ही समजतों.

आतां सावधगिरीचे दोन शब्द. या उपचाराच्या नांवाखालीं मुलास चारचौघांसारखें वागण्याची नक्कल शिकविणारेही भेटतील : डोळ्यांत पाहा, हांस, हात हालवूं नको. मोठ्या वयाच्या कित्येक स्वमग्न व्यक्तींनीं लिहून ठेविलें आहे, कीं असा मुखवटा दिवसभर वागविण्यानें त्या थकून, खचून गेल्या. नाटक संपल्यावर नट रंग पुसतो. ज्यास रंग पुसण्याची मुभाच नाहीं त्याचें तें नाटक नव्हे, ती शिक्षा होय. म्हणून मुलास संमेलनांत प्रदर्शनासाठीं उभें करूं नये. थांबण्याची खूण ज्या तालमींत नाहीं ती तालीम लावूं नये. शिकविणाऱ्यानें नाट्य व विशेष शिक्षण दोन्ही अभ्यासलीं आहेत कीं नाहीं तें विचारून घ्यावें. आणि वाणी-उपचार किंवा डॉक्टरांनीं सांगितलेला इतर उपचार चालू असेल तो या भरवशावर बंद करूं नये. ज्या मुलास मुळींच बोलतां येत नाहीं त्यालाही ताल, चित्र, वस्तु व हालचाल यांच्या द्वारें खेळांत घेतां येतें.

कायद्याची माहितीही घरांत असूं द्यावी. आमच्या नातवास शहरांतील एका शाळेनें “इतर पालकांस आवडणार नाहीं” म्हणून परत पाठविलें होतें. तेव्हां ही माहिती आम्हांस नव्हती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यानें मान्य केलेल्या २१ अक्षमतांमध्यें स्वमग्नता आहे. ४० टक्के वा अधिक अक्षमतेचें प्रमाणपत्र असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेंत, किंवा निवडलेल्या विशेष शाळेंत, विनामूल्य शिकण्याचा हक्क आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील ‘निरामय’ योजनेंत वर्षास एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, आणि १८ वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमण्याची सोयही त्याच कायद्यांत आहे. आमच्या पश्चात् याचें कसें, हा प्रश्न ज्या आजी-आजोबांची झोंप उडवितो त्यांनीं केव्हां तरी आमच्या तालुक्यांतील कोळवण खोऱ्यांत जावें. १९९४ सालीं सुरू झालेल्या ‘साधना व्हिलेज’ या संस्थेनें तेथें बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठीं घर उभारलें आहे. वसतिगृहापेक्षां एकत्र कुटुंबाची आठवण अधिक व्हावी, अशा रीतीनें माणसें तेथें राहतात.

तर आजीबाई, आपल्या प्रश्नांचीं उत्तरें अशीं. त्यास नाटकांत उभें करूं नका. तो जें नाटक दिवसभर एकटाच करीत आहे त्यांत आपण जाऊन बसा, आणि तिकीट काढा. तो जें वाक्य घोकतो तें एकदां नीट ऐका. दार तेथेंच असेल. मुंजीविषयीं म्हणाल, तर आधीं वर्षभर घराची मुंज करा. घर थांबण्यास शिकलें, हळूं बोलण्यास शिकलें, सुनेस दोष न देण्यास शिकलें, म्हणजे मग मुलास विचारा. तो ‘चला’ म्हणाला तर करा; ‘नको’ म्हणाला तर तेंही उत्तरच समजा, आणि पुढल्या वर्षीं पुन्हा विचारा.

आणि तो ‘चला’ म्हणालाच, तर पत्रिका अवश्य धाडावी. आम्ही येऊं, मागच्या रांगेंत बसूं, आणि टाळी वाजविणार नाहीं.